बेटावरची फर्स्ट शिफ्ट

अंदमानहून परतलेल्या पिंपरी-चिंचवडकर दाम्पत्याला "कशी झाली ट्रिप?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "बाकी सगळं मस्त हो, पण शेवटचा दिवस वाया गेला." नवरा हे वाक्य म्हणतो, बायको मान डोलावते, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालेलं बघून ऐकणाऱ्यालाच भरून येतं. त्यामुळे या वाक्याची उलटतपासणी आजवर कोणी केली नाही. ती इथे करायची आहे. माझं म्हणणं असं की हे वाक्य धडधडीत खोटं आहे. निगडी, भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातलं जोडपं बेटावर जे पाच-सहा दिवस काढतं, त्यांतले वाया जातात ते आधीचे. शेवटचा दिवस हा एकच असा, की त्या दिवशी दोघंही पूर्ण शुद्धीवर असतात, कामात असतात आणि मनापासून सुखी असतात. फक्त त्या सुखाला ते 'दगदग' म्हणतात. हा सिद्धांत बाली, फुकेत, मालदीव कुठेही लावता येईल. पण मराठी माणसाचं हक्काचं बेट अंदमानच. पहिल्या दिवशी सेल्युलर जेलमध्ये डोळे पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉकच्या बोटीत गॉगल पुसायचा, हा आपला क्रम ठरून गेलेला आहे. सरकारने 2018 साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप केलं आणि 2024 साली पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम केलं, तरी हा क्रम बदललेला नाही.

आधीचे दिवस वाया कसे जातात ते पाहू. हॅवलॉकचा राधानगर किनारा 'टाइम' मासिकाने 2004 साली आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. अशा ठिकाणी आपलं जोडपं उभं असतं. "छान आहे." "हो, छान आहे." "पाणी किती स्वच्छ आहे नाही?" "हो ना." मग थोडी शांतता. आणि मग नवरा तो प्रश्न विचारतो, जो या पट्ट्यातला प्रत्येक माणूस निसर्गासमोर उभा राहिला की विचारतो : "बरं, आता?" समुद्राकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. लाट येते, जाते, पुन्हा येते. तिचा सायकल टाइम एकसारखा नाही, तिच्यावर कोणाची सही नाही, आणि दिवसाला किती लाटा काढायच्या याचं टार्गेट कुठल्याही फळ्यावर लिहिलेलं नाही. दोन खुर्च्या, दोन शहाळी आणि समोर क्षितिज, या दृश्यात दहाव्या मिनिटाला नवरा शहाळेवाल्याला विचारतो, "रोज किती माल संपतो?" आणि बायको शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना विचारते, "तुमचं पॅकेज केवढ्याला पडलं?" दोघांच्याही चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच जरा तरतरी दिसते. फार काळ टिकत नाही. शेजारच्यांचं पॅकेज स्वस्त निघतं.

यात त्यांचा दोष नाही. हे गावच बसून राहण्यासाठी वसलेलं नाही. पुण्याला विश्रांतीची परंपरा आहे, आपल्याला शिफ्टची. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग मोटारी आणि स्कूटरी आल्या, आणि महापालिका झाली ती पार 1982 साली. म्हणजे इथे आधी भोंगा वाजला आणि मग गावाला जाग आली. त्यात भर साप्ताहिक सुट्टीची. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून कधीकाळी औद्योगिक भागांना वार वाटून दिले गेले आणि भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या रविवारी बंद. त्यामुळे नवरा कारखान्यात आणि बायको शाळेत, अशा घरात गुरुवारी तो घरी, ती कामावर. रविवारी ती घरी, तो कामावर. संसार टिकवण्याचं यापेक्षा चांगलं वेळापत्रक कुठल्याही समुपदेशकाला सुचलं नसतं. अशा जोडप्याला एकदम पाच दिवस, चोवीस तास, समोरासमोर, बिनकामाचं बसवायचं म्हणजे प्रयोगच आहे, आणि तोही त्यांच्याच खर्चाने.

निसर्गही सहकार्य करत नाही. भारताचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. चाकण आहे चौऱ्याहत्तरच्या आसपास आणि हॅवलॉक त्र्याण्णवच्या. म्हणजे घड्याळ तेच, पण सूर्य हॅवलॉकला चाकणपेक्षा साधारण सव्वा तास आधी कामावर हजर होतो आणि सव्वा तास आधी सुटतो. पहाटे पाचच्या सुमाराला पडद्याच्या फटीतून उजेड आला की नवरा ताडकन उठून बसतो. "बस गेली!" बायको डोळे न उघडता म्हणते, "अहो, झोपा. इथे बस नाही, बोट आहे." संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला काळोख. जेवण साडेआठला. मधल्या तीन तासांत नवपरिणीत जोडपी काय करतात हे त्यांचं त्यांना माहीत. लग्नाला वीस वर्षं झालेलं जोडपं घरून आणलेला चिवडा खातं आणि घरी फोन करून गॅसचा रेग्युलेटर बंद केलाय का ते सासूबाईंना बघायला लावतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फक्त चिवड्याच्या जागी चकली.

आता शेवटच्या दिवसाकडे या. बोट अमुक वाजता, त्याआधी चेक-आउट, त्याआधी नाश्ता, त्याआधी बॅगा, आणि बॅगांच्याही आधी "एकदा शेवटचं पाण्यात जाऊन येऊ." जगातल्या सगळ्या बेटांवर ओल्या कपड्यांचा प्रश्न या एका वाक्यातून निर्माण झालेला आहे. चार दिवस उन्हात वाळवून खडखडीत केलेले कपडे चालत्या बोटीच्या वेळेशी शर्यत लावून पुन्हा भिजवले जातात. पण बघण्यासारखं असतं ते यानंतरचं. काल 'आता?' विचारणारा नवरा आज एकदाही तो प्रश्न विचारत नाही. त्याच्यापुढे उलटी मोजणी सुरू झालेली असते. चेक-इनची बॅग 15 किलो, हातातली 7 किलो, माणसं दोन, आणि सामान पाऊण खोलीभर. चाकणला ज्याने आयुष्यभर लाइन बॅलन्सिंग केलं, त्याला देवाने शेवटी एक लाइन दिली. तो बॅग एका हाताने उचलतो, डोळे मिटतो आणि सांगतो, "सोळा दोनशे." बायको जीन्स काढून दुसऱ्या बॅगेत टाकते. "आता?" "पंधरा सहाशे." हा 'आता?' कालच्यापेक्षा किती वेगळा आहे बघा. याला उत्तर आहे.

कारखान्यातल्या फळ्यावर तायची ओनो या जपानी गृहस्थांचे सात 'मुडा' लिहिलेले असतात. मुडा म्हणजे वाया जाणं. ओनोसाहेबांनी टोयोटात बसून ते शोधले आणि भोसरीतल्या दोन मशिनच्या वर्कशॉपपर्यंत पोचवले. जास्तीचं उत्पादन, वाट बघणं, नेआण, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, हालचाल आणि रिजेक्शन. शेवटच्या दिवशी हे सातही एका खोलीत सापडतात. नऊशे फोटो हे जास्तीचं उत्पादन. टॅक्सीची वाट बघणं हे वाट बघणं. बॅग पलंगावरून खाली, खालून पलंगावर ही नेआण. घडी घातलेल्या कपड्याची पुन्हा घडी घालणं ही गरज नसलेली प्रक्रिया. न्हाणीघरातल्या इवल्याशा शाम्पूच्या बाटल्या, रोज दोन या हिशेबाने जमवलेल्या, हा साठा. चार्जर शोधत खोलीत घातलेल्या फेऱ्या ही हालचाल. आणि दोघांचा एकत्र काढलेला एकमेव फोटो, ज्यात नवऱ्याचे डोळे मिटलेले आहेत, ते रिजेक्शन. "म्हणजे दिवस वाया गेला हे सिद्धच झालं की," असं कोणी म्हणेल. उलट आहे. इतका मुडा एका ठिकाणी सापडणं ही क्वालिटीतल्या माणसाची दिवाळी असते. समुद्रात त्याला चार दिवसांत एकही सापडला नव्हता, म्हणून तर तो हिरमुसला होता.

नाश्त्याला हाच उत्साह. पॅकेजमध्ये धरलेला, म्हणजे पैसे आधीच दिलेला नाश्ता हा खाण्याचा विषय नसून वसुलीचा आहे, हे तत्त्व रोजच पाळलेलं असतं. पण शेवटच्या दिवशी त्याला थकबाकीचं स्वरूप येतं. "काल पपई घेतली नव्हती आपण," असं म्हणून कालचीही पपई आज खाल्ली जाते. दोन उकडलेली अंडी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये जातात, बोटीत पर्सवर कोणीतरी बसतं, आणि मग दोन दिवस पर्सला त्या नाश्त्याची आठवण येत राहते. नंतर चेक-आउट. चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने 1660 साली शाहिस्तेखानाच्या फौजेला जवळजवळ दोन महिने झुंजवलं होतं. ती परंपरा चेक-आउटच्या वेळी उसळून येते. "वेळ दहाची आहे, सर." "अहो पण बोट दोनची आहे." "खोली साफ करायची आहे, सर." "मग आम्ही बसतो ना, तुम्ही साफ करा." गड शेवटी द्यावा लागतो, पण सन्मानाने आणि बिल तपासून. बिलात पाण्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या निघाल्या की नवऱ्याचा जो चेहरा फुलतो तो राधानगरच्या सूर्यास्ताला फुललेला नसतो. व्हेंडरकडे ऑडिटला जाणारा माणूस आहे तो. चूक सापडली नाही तर त्याचाच दिवस वाया जातो.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर विमानाआधीचा वेळ अबर्डीन बाजारात आणि 'सागरिका' या सरकारी एम्पोरियममध्ये जातो. इथे सूत्रं बायकोकडे. तिच्या हातात यादी असते आणि ती यादी म्हणजे नुसती नावं नसून अनेक वर्षांचं खातं आहे. जाऊबाईंनी बालीहून काय आणलं होतं, शाळेतल्या बाईंनी केरळहून दिलेला मसाला किती ग्रॅमचा होता, वरच्या मजल्यावरच्यांनी दुबईहून येऊन खजुराचं एकच पाकीट कसं दिलं होतं, हे सगळं तिच्या डोक्यात तारीखवार असतं. "त्यांना शिंपल्याची माळ जास्त होईल हो. त्यांना किचेन." "आणि यांना?" "यांनी काही दिलंच नव्हतं. यांना फोटो पाठवू." इतका काटेकोर ताळेबंद मार्चएंडलासुद्धा कुठे होत नसेल. घेतलेल्या वस्तूंपैकी एकही कोणाला नको असते, हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारखंच माहीत असतं. कारण दोघांच्याही शोकेसमध्ये इतर बेटांवरून आलेले शंख बसायला जागा मागत असतात. तरीही खरेदी करताना जोडप्यात जो संवाद होतो तो चार दिवसांतला सगळ्यात प्रदीर्घ. नवरा-बायकोंनी एकमेकांशी बोलावं म्हणून लोक समुद्रकिनारी जातात. खरं बोलणं होतं ते दुकानात, तिसऱ्या माणसाविषयी.

मग विमानतळ. तिथे तीन तास आधी पोचायचं, कारण पहिल्या पाळीची बस चुकलेला माणूस आयुष्यभर सगळीकडे आधी पोचतो. सुरक्षा तपासणीत उघडकीला येतं की पॉवर बँक मोठ्या बॅगेत गेली आहे आणि कात्री हातातल्या. नियम नेमका याच्या उलट आहे. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा मोज्यात सापडतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं प्रवाळाला संरक्षण आहे, मोज्यातल्या प्रवाळालाही. तो तुकडा तिथेच राहतो, मोजा परत मिळतो. बोर्डिंग पास नवरा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवतो, "एलटीएला लागतो." आणि मग खुर्चीत बसून फोन उघडतो. पूर्वी अंदमानला गेलेल्या माणसाला "तिकडे नेटवर्क नव्हतं हो" हे एक सोन्यासारखं कारण होतं. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून अंदमान-निकोबारला सुमारे 2,300 किलोमीटरची समुद्राखालची केबल सुरू झाली, तिचा एक फाटा हॅवलॉकलाही गेला, आणि ते कारण बुडालं. आता बंगालचा उपसागर ओलांडून निरोप येतो : "सर, लाइन थांबलीय. फिक्श्चर कुठे ठेवलंय?" नवरा मोठ्याने म्हणतो, "सुट्टीवरसुद्धा सोडत नाहीत!" पण बघा, तो उभा राहिलेला असतो, आवाज चढलेला असतो, मोकळा हात हवेत फिक्श्चर काढून दाखवत असतो. आपल्यावाचून अडलं, ही बातमी ऐकण्यासाठीच तर माणूस रजा घेतो. न अडता रजा संपली तर पुढच्या रजेचा अर्ज करायची भीती वाटते.

आता आक्षेप. पहिला, आणि दिसायला बिनतोड : सुखी असतात तर कुरकुर का करतात? याचं उत्तर या पट्ट्यात राहणाऱ्याला द्यावं लागू नये. आपल्याकडे आनंद व्यक्त करायची तीच एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास अडकलेला माणूस घरी येऊन वाहतुकीवर जे बोलतो ते ऐका. त्यात तक्रार किती आणि पराक्रम किती हे वेगळं करता येत नाही. जो दिवस खरोखर कंटाळवाणा गेला त्याबद्दल माणूस "मस्त होतं" एवढं बोलून थांबतो. राधानगरच्या वाट्याला तेवढंच येतं. शेवटच्या दिवसाची कहाणी मात्र कँटीनमध्ये आठवडाभर चालते : बोट कशी सुटता सुटता पकडली, मॅनेजरला कसं ऐकवलं, कात्री कशी गेली. डॅनियल काह्नमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी 1996 साली त्यांनी एका डॉक्टर सहकाऱ्याबरोबर मोठ्या आतड्याची नळीने तपासणी होत असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला होता. तपासणी किती वेळ चालली याला नंतरच्या आठवणीत फारशी किंमत नसते. तीव्रतम क्षण आणि शेवट एवढंच मन लक्षात ठेवतं, असं त्यांना दिसलं. सहलीला हा नियम लावायला आतड्यांपासून सुरुवात करावी लागावी हे जरा वाईट दिसतं, पण निष्कर्ष स्पष्ट आहे. शेवटचा दिवस नसेल तर सहलीचं सांगण्यासारखं काही उरतच नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा : मग बेटावर जायचंच कशाला? निगडीच्या फ्लॅटमध्ये बॅगा भरा, काढा, वजन करा, चिंचवडच्या बाजारातून किचेन आणा, पैसे वाचतील. विचार आकर्षक आहे, पण शेवटचा दिवस शेवटचा होण्यासाठी त्याच्या आधी काही दिवस लागतात. शिवाय चाकणचं टार्गेट दुसऱ्याने लावलेलं असतं, बेटावरचं आपण आपल्याला लावलेलं. कामाचा माणूस कामाला कधी कंटाळलेला नसतो, तो विचारणाऱ्याला कंटाळलेला असतो. तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो : शेवटचा दिवस इतका धकाधकीचा, तर एक दिवस आधीच परत यावं. करून बघा. परतीचा दिवस बुधवारवरून मंगळवारवर आणलात की मंगळवार शेवटचा होतो आणि मंगळवारीच अंडी पर्समध्ये जातात. शेवटचा दिवस कापून टाकता येत नाही, तो फक्त मागे सरकतो. शिवाय लवकर परतलेल्या जोडप्याकडे सोसायटीत ज्या नजरेने बघतात ती वेगळीच. "एवढ्यात आलात? सगळं ठीक ना?" या 'ठीक ना'ला उत्तर देता देता वाचलेला दिवस संपतो.

इथे थोडं कायद्याचं. विनोदी लेखात कायद्याचं कलम आणणारा लेखक म्हणजे सहलीला इस्त्री घेऊन जाणारा प्रवासी, हे मला मान्य आहे. पण इस्त्री आता आणलीच आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने रजेचा जो हिशेब घालून दिला, तो असा : वर्षात किमान 240 दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला पुढच्या वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा. म्हणजे बेटावरचा एक दिवस मिळवायला लाइनवर वीस दिवस उभं राहावं लागतं. पाच दिवसांच्या सहलीमागे शंभर दिवस. ज्या माणसाने पाण्याच्या दोन बाटल्यांसाठी मॅनेजरला खोलीतून खाली बोलावलं, तो वीस दिवसांच्या घामाचा एक दिवस डोळ्यांदेखत वाया जाऊ देईल, हे मानसशास्त्रात बसत नाही. त्याने तो दिवस पिळून पिळून वापरलेला असतो. तासाला चार कामं, दर कामाला एक वाद, आणि दर वादाला एक विजय. उरलेले ऐंशी दिवस चार दिवसांच्या क्षितिजात गेले, त्याचा जाब मात्र कोणी विचारत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी ठेवला, कारण त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तो बायकांचा आहे : "सुख म्हणताय ते ह्यांचं. बॅगा मी भरते, यादी माझी, ओले कपडे मी पिळते. हे नुसते वजन सांगतात." बरोबर आहे. शेवटच्या दिवशी नवरा बहुतांशी सुपरव्हिजन करतो. हात मागे बांधून "ते तिथे बसेल का?" असं विचारणं याला तो सहभाग म्हणतो. नवऱ्यांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की त्याने बॅग भरायला घेतली तर बायको अर्ध्यात थांबवते, सगळं बाहेर काढते आणि पुन्हा भरते. कारखान्यात याला रिवर्क म्हणतात आणि त्याची नोंद होते. पण मग असाही प्रश्न येतो की ज्या माणसाच्या हातून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक सुटत नाही, त्याला शर्टाची घडी इतक्या वर्षांत कशी जमली नाही? ही अकार्यक्षमता निसर्गदत्त नाही, कष्टाने कमावलेली आहे. पहिल्या सहलीत त्याने मुद्दाम किंवा नकळत एक बॅग अशी भरली की शेंगदाण्याची चटणी साडीवर सांडली, आणि त्या एका रिजेक्शनच्या जोरावर त्याला पुढच्या सगळ्या सहलींत सूट मिळाली. सिद्धांत खोटा ठरत नाही, पण सुखाची वाटणी सारखी होत नाही एवढं कबूल करावं लागतं.

तेव्हा निकाल असा. शेवटचा दिवस वाया जात नाही. उलट ज्यांना स्वस्थ बसणं शिकवलंच गेलं नाही, अशा दोन माणसांना बेटावर पुन्हा कामावर घेणारा तो दिवस आहे. तो टाळायचा प्रयत्न करू नका, आधी उरकायचा तर मुळीच नको. ओले व्हा, भांडा, बिल तपासा, नको ते किचेन आणा. त्यासाठी वीस दिवस भरलेले आहेत. फक्त पुढच्या वेळी विमानाची तिकिटं काढण्याआधी बॅगा कोण भरणार ते ठरवा, आणि या खेपेला त्या नवऱ्याने भराव्यात. चटणी सांडली तरी चालेल, पण थांबवू नका. शिकाऊ कामगारालाही कारखान्यात यापेक्षा जास्त संधी मिळते.